आधी वानगी, मग सौदा

पदवी हाती येते, पण पुढचे पाऊल ठरत नाही. अशा मुलामुलींच्या घरांसाठी हिंजवडीच्या रस्त्यावरून आणि महाराष्ट्रातील तीन उद्योजकांच्या तरुणपणातून मिळणारे काही धडे.

सकाळचे साडेआठ वाजत आले की वाकडहून महामार्ग ओलांडून हिंजवडीकडे जाणारा रस्ता वाहनांनी भरून जातो. कंपन्यांच्या बसगाड्या, दुचाकी आणि रिक्षा शिवाजी चौकातून वाट काढीत राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या तिन्ही टप्प्यांकडे सरकत राहतात. तीन दशकांपूर्वी हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील शेतीचे गाव होते आणि म्हातोबाच्या यात्रेतील बगाडासाठी पंचक्रोशीत ओळखले जात होते. बगाड आजही चैत्रात निघते. उसाच्या आणि भाताच्या शेतांच्या जागी मात्र आता काचेच्या इमारती उभ्या आहेत.

या गर्दीत व्यापारी घराण्यांतील मुलेमुलीही आहेत. कोणाच्या वडिलांचे बार्शीला किराणा दुकान आहे, कोणाची लातूरला आडत, कोणाचे मालेगावला कापडाचे दुकान. गळ्यात ओळखपत्र अडकवून जाणाऱ्या या तरुणांपैकी प्रत्येकाने बारावीतच हे काम ठरवले होते, असे मुळीच नाही. येथील मोठ्या कंपन्या स्थापत्य आणि यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीधरांनाही प्रशिक्षण देऊन संगणक प्रणालीच्या कामावर घेतात. विप्रोसारखी कंपनी बी.एस्सी. आणि बी.सी.ए. झालेल्यांना नोकरीत ठेवून पुढचे शिक्षण देते. वाणिज्य आणि कला शाखेचे पदवीधर ग्राहकसेवा, हिशेब आणि विमा-बँकांच्या कामांत रुजू होतात. शिकले एक आणि करतात दुसरेच, अशांची संख्या या रस्त्यावर मोठी आहे.

तरीही दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या मुलाला पहिला प्रश्न विचारला जातो तो "पुढे काय ठरवलेस?" हाच. मुलगा गप्प बसतो. काका मग चुलतभावाच्या सी.ए.ची आठवण काढतात, आजी म्हणते दुकान आहेच की, आणि वडील काही न बोलता वही मिटतात. त्या शांततेत मुलाला वाटते, आपल्यातच काही उणे आहे. वडिलांना वाटते, मुलगा वाया चालला. दोघांपैकी कोणाचेही म्हणणे नीट तपासले जात नाही.

ते तपासण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. हिंजवडीतील एका मोठ्या संकुलाची मुळेच खानदेशातील तेलाच्या गिरणीत आहेत.

अमळनेरची गिरणी

विप्रो या नावाचा उगम ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावात आहे. 1945 साली महंमद हाशम प्रेमजी यांनी जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे ही कंपनी सुरू केली. शेंगदाण्याचे तेल काढणे, वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण तयार करणे, हा तिचा व्यवसाय. त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकत होते. 1966 च्या ऑगस्टमध्ये वडिलांचे अकस्मात निधन झाले आणि एकवीस वर्षांचा हा विद्यार्थी पदवी पुरी होण्याआधीच परतला. तेलाच्या धंद्यात उतरण्याची त्याची कोणतीही योजना नव्हती. भागधारकांच्या सभेत एकाने तर त्याला उघडपणे सुचवले की, ही कंपनी जाणत्या माणसाला विकून मोकळे व्हावे.

प्रेमजींनी कंपनी विकली नाही. त्याच वेळी संगणकाचे स्वप्न पाहून गिरणीकडे पाठही फिरवली नाही. समोर जे काम होते ते त्यांनी शिकून घेतले. शेंगदाण्याची खरेदी नजरेच्या आणि चवीच्या अंदाजावर चालत असे. तेथे त्यांनी मोजमापाची शिस्त आणली. पुढे 1975 च्या सुमारास यंत्रांना लागणारे हायड्रॉलिक सिलिंडर आले. 1977-78 मध्ये आय.बी.एम. ही कंपनी भारतातून बाहेर पडली आणि संगणकाच्या बाजारात जागा मोकळी झाली. ती ओळखण्याइतकी नजर तोवर तयार झाली होती. तेलाच्या गिरणीपासून संगणकापर्यंतचे अंतर कापायला दशकाहून अधिक काळ लागला. अर्धवट राहिलेली पदवी तर त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळाने पूर्ण केली.

ज्यांनी अमळनेरात त्या कंपनीचे भाग घेऊन ते पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्या कुटुंबांची भरभराट आज सर्वश्रुत आहे. परंतु या कथेचा खरा धडा त्या संपत्तीत नाही. एकविसाव्या वर्षी हा तरुण कोठे पोहोचणार हे कोणालाच, त्याला स्वतःलाही, सांगता आले नसते. हा तो धडा.

सात हजार रुपये आणि एक निर्णय

त्याच जळगाव जिल्ह्यात, अजिंठ्याच्या पायथ्याशी असलेल्या वाकोद गावी 1937 साली भवरलाल जैन यांचा जन्म झाला. वाणिज्य आणि कायदा या दोन्ही शाखांचे शिक्षण त्यांनी घेतले. शासकीय अधिकारी होण्याची संधीही त्यांच्यापुढे आली. त्या काळी लहान गावातील कुटुंबाला यापेक्षा सुरक्षित वाट दुसरी दिसली नसती. पण त्यांनी ती सोडली आणि 1963 साली घरच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर केरोसीन विकण्याचा व्यवसाय सुरू केला.

कायद्याचा पदवीधर केरोसीन विकतो, हे दृश्य आजच्या घरातही पचनी पडणार नाही. मात्र त्या विक्रीतून गावोगावच्या शेतकऱ्यांशी संबंध आला. हळूहळू शेतीला लागणाऱ्या वस्तूंचे व्यवहार वाढले. ट्रॅक्टर, खते, बियाणे यांची विक्री सुरू झाली. 1978 मध्ये केळीची भुकटी करणारा एक कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पापेन तयार करण्यात येऊ लागले. 1980 मध्ये पी.व्ही.सी. पाइप आले आणि त्या पाइपांनीच पुढे ठिबक सिंचनाची वाट दाखवली. 2008 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2016 मध्ये त्यांचे निधन झाले. आज ‘ठिबक’ म्हटले की जळगावचे नाव येते. पण 1963 मध्ये ठिबक सिंचन हा शब्दही त्यांच्या योजनेत असणे शक्य नव्हते. केरोसीनच्या ग्राहकाने ट्रॅक्टरचा ग्राहक दाखवला, ट्रॅक्टरच्या ग्राहकाने पाइपाची गरज दाखवली. प्रत्येक व्यवहाराने पुढच्या व्यवहाराचा पत्ता दिला.

सोलापूरचे वालचंद

याहून जुने उदाहरण सोलापूरचे. ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक चालवणारे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांचे चिरंजीव वालचंद यांचा जन्म 1882 चा. मुंबईला आणि नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले, पण पदवी पूर्ण झाली नाही. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी होती. पेढीवर जागा तयार होती. त्या जागेवर मन मात्र रमले नाही.

वाट सापडली ती लक्ष्मणराव फाटक यांच्या सहवासात. रेल्वेत कारकुनी केलेले फाटक बांधकामाची ठेकेदारी करू पाहत होते. एकाजवळ कामाची माहिती, दुसऱ्याजवळ भांडवल आणि हिशेबाची जाण. बार्शी लाइट रेल्वेच्या लहानशा कामापासून या भागीदारीने प्रारंभ केला. पुढे वालचंदांचे नाव भोर घाटातील बोगद्यांच्या बांधकामाशी जोडले गेले. 1919 मध्ये एका रेल्वेप्रवासात त्यांना कळले की, ग्वाल्हेरच्या शिंद्यांची ‘लॉयल्टी’ ही बोट विक्रीस आहे. त्यातून सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी जन्मली. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. 1940 मध्ये बंगळूरूला विमानांचा कारखाना आणि 1944 मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स, असा हा प्रवास पुढे गेला. डेक्कन कॉलेजातून पदवीविना बाहेर पडणाऱ्या तरुणाला कोणी यादी करायला सांगितली असती, तर त्या यादीत रेल्वे, जहाज, विमान यांतले एकही नाव उमटले नसते.

वानगीचा न्याय

या तिन्ही कथा वाचून ‘योजना नसली तरी सारे सुरळीत होते’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. ज्यांना वाट सापडली नाही त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. शिवाय प्रेमजींना चालती गिरणी मिळाली होती, वालचंदांमागे पेढी होती, भवरलालजींच्या हाती थोडी का होईना घरची बचत होती. प्रत्येक घरात ही सोय नसते.

तरीही तिघांत एक समान सूत्र आहे आणि ते व्यापारी घराला परके नाही. बाजार समितीत आडत्याकडे धान्य आले की, खरेदीदार आधी पोत्यातून मूठभर दाणे काढतो. ते तळहातावर पसरतो, वास घेतो, दाताखाली चावून पाहतो आणि मगच भाव बोलतो. ही वानगी. वानगी पाहिल्याविना गाडीभर माल घेणाऱ्याला बाजार शहाणा म्हणत नाही. आणि वानगीच पाहत बसून एकही सौदा न करणाऱ्यालाही म्हणत नाही.

मुलांच्या भवितव्याबाबत मात्र हीच घरे उलट वागतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने एकही दाणा न चाखता चाळीस वर्षांचा सौदा पक्का करावा, अशी अपेक्षा असते. त्याला तो करता आला नाही तर त्याला दिशाहीन म्हटले जाते. दुसऱ्या टोकाला काही मुले ‘अजून ठरले नाही’ या वाक्याच्या आडोशाला तीन वर्षे बसून राहतात. वानगीही पाहत नाहीत. योजना नसणे आणि प्रयत्न नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली क्षम्य आहे. दुसरीचे व्याज वाढत जाते.

महाविद्यालयातील वर्षांचा उपयोग

आजच्या विद्यार्थ्याला वानगी पाहण्याची सोय पूर्वीपेक्षा अधिक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार पदवीच्या अभ्यासक्रमात मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेतील विषय घेता येतात. कौशल्याधारित विषय आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांनाही श्रेयांक मिळतात. ठरलेले श्रेयांक आणि अटी पूर्ण केल्यास पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी अशी बाहेर पडण्याची सोय आहे. मिळवलेले श्रेयांक ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात. 2022 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदवी अभ्यासक्रम करण्यासही मुभा दिली आहे. ‘स्वयम्’ या शासकीय मंचावर अनेक विषय घरबसल्या शिकता येतात. सी.ए.च्या नव्या रचनेत आर्टिकलशिपचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला आहे.

या सोयी आपोआप फळत नाहीत. त्यासाठी व्यापाऱ्याची सवय लागते, म्हणजेच वहीची. विद्यार्थ्याने वर्षाला दोन किंवा तीन कामांची वानगी पाहावी. सुट्टीत एखाद्या करसल्लागाराकडे महिनाभर विवरणपत्रांचे काम, एखाद्या सत्रात संगणकाचा एक अभ्यासक्रम, एखाद्या परिचिताच्या कारखान्यात खरेदी विभागात सहा आठवडे, असे काहीही चालेल. प्रत्येक कामानंतर वहीत चार ओळी लिहाव्यात. या कामात वेळ कसा गेला? कंटाळा कोठे आला? कोणती गोष्ट कोणी न सांगता पुन्हा करावीशी वाटली? आणि शेवटचा, खास पेढीवरचा प्रश्न: घरच्या ओळखीबाहेरच्या कोणी या कामासाठी चार पैसे दिले का? नातेवाइकांचे कौतुक गोड असते, पण अनोळखी ग्राहकाने मोजलेली रक्कम खरी असते.

दोन वर्षांत अशा पाच-सहा नोंदी जमल्या की, काय नको ते निश्चित कळते. काय हवे ते कदाचित तरीही कळणार नाही. पण सहा पोती बाजूला सारल्यावर उरलेल्या दोघांत निवड करणे अवघड राहत नाही.

‘दुकान आहेच’ हे उत्तर पुरेसे आहे काय?

व्यापारी घरात या प्रश्नाला एक खास पेच असतो. मुलाची वाट ठरली नाही तर दुकान आहेच, ही भावना त्याला आधारही देते आणि आळसही लावते. वस्तुतः दुकानाचे भवितव्य तरी आज कितीसे ठरलेले आहे? तालुक्याच्या गावातही मॉल आले, घरपोच माल देणारी ॲप आली. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हिशेब ठेवण्याची सारी पद्धतच बदलली. ज्या दुकानाच्या भरवशावर मुलाला निश्चिंत केले जाते, त्या दुकानालाही पुढील वीस वर्षांची वाट शोधायची आहे. त्यामुळे दुकानात बसणे हीदेखील एक वानगीच मानावी. मुलाला केवळ गल्ल्यावर बसवून ते कळत नाही. एका वर्षासाठी एखादा विभाग, त्याची खरेदी, त्याची उधारी आणि त्याचा नफातोटा पूर्णपणे त्याच्या हाती सोपवला, तरच त्यालाही कळते आणि वडिलांनाही.

उलट बाजूने पाहता, दुकानात वाढलेले मूल हिंजवडीत रिकाम्या हाताने जात नाही. तेथील इमारतींत बनणाऱ्या बऱ्याच संगणक प्रणाली कोणत्या ना कोणत्या व्यवहारासाठीच असतात: मालाचा साठा, बिले, वसुली, वितरण, कर्ज, विमा. प्रणाली लिहिणारा पुष्कळदा कुशल असतो, परंतु माल परत आला तर बिलाचे काय होते, सणापूर्वी साठा किती ठेवतात, जुना ग्राहक थकबाकीदार झाला तर त्याच्याशी कसे वागतात, हे त्याने पाहिलेले नसते. व्यापाऱ्याच्या मुलाने आणि मुलीने ते जेवणाच्या पंगतीत ऐकलेले असते. ग्राहकाची गरज समजून ती अभियंत्यांना समजावून सांगणाऱ्या माणसाला या क्षेत्रात ‘बिझनेस ॲनालिस्ट’ म्हणतात. त्या कामाची अर्धी शाळा पेढीवरच झालेली असते. वाणिज्य शाखेतील मुलांना आपल्याजवळ काहीच विशेष नाही असे वाटते, तेव्हा ही शिदोरी त्यांना दाखवून द्यायला हवी.

अर्थात हिंजवडी म्हणजे हमी नव्हे. तेथे कधी भरती जोरात असते, कधी महिनोन्‌महिने थांबते. तंत्रे बदलतात आणि कालचे कौशल्य आज अपुरे ठरते. शहरातील भाडे आणि प्रवास यांतच पगाराचा मोठा भाग जातो. तेथे जाणाऱ्यानेही ते मुक्काम न मानता आणखी एक वानगी मानली, तर निराशा कमी वाट्याला येते.

घराचा वाटा

या सगळ्यात पालकांनी करावयाच्या गोष्टी तीनच आहेत. पण त्या सोप्या नाहीत.

पहिली, मुदत द्यावी आणि ती स्पष्ट असावी. ‘तुला हवा तेवढा वेळ घे’ हे वाक्य प्रेमळ वाटले तरी मुलाला तरंगत ठेवते. ‘या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत’ असे म्हटले की, काळाला कड येते. वहीपूजनाच्या दिवशी दुकानाची नवी वही उघडते, त्याच दिवशी मुलाची वहीही समोर ठेवून शांतपणे बोलता येईल.

दुसरी, रक्कम ठरवावी. शिकवण्या, अभ्यासक्रम, परगावी राहणे यांवर घर किती खर्च करू शकते हे मुलांना खरे सांगावे. घरची ओढाताण लपवली तर मुले स्वप्नांचे भाव चुकीचे लावतात. ती सांगितली तर त्यांच्यात जबाबदारी येते. भवरलालजींची सात हजारांची रक्कम मोठी नव्हती. ती बुडाली तर घराला काय सोसावे लागेल, हे मात्र घरातील सर्वांना ठाऊक असणार.

तिसरी गोष्ट मुलींसाठी अधिक महत्त्वाची. मुलाला वाट शोधण्यासाठी वर्ष मिळते, मुलीचे मात्र पदवी होताच स्थळ पाहणे सुरू होते. पुण्यातील नोकरी ही लग्नापर्यंतची सोय मानली जाते. तिच्या वहीतील नोंदी कोणी वाचत नाही. ज्या घरात आईने किंवा आत्याने वर्षानुवर्षे हिशेबाची बाजू सांभाळली, त्या घरानेच मुलीच्या व्यवहारबुद्धीला अशी किंमत द्यावी, हे विसंगत आहे. मुदत आणि रक्कम मुलाला द्यायची ठरली, तर तीच मुलीलाही मिळायला हवी.

संध्याकाळी हिंजवडीचा रस्ता उलट दिशेने भरतो. बसच्या खिडकीशी डोके टेकून परतणाऱ्या एखाद्या तरुणाला घरून फोन येतो. पलीकडे वडील असतात, दुकान बंद करण्याची वेळ झालेली असते. नेहमीचा प्रश्न ओठांवर येतो, "पुढे काय ठरवलेस?" त्याऐवजी त्यांनी एकदा विचारून पाहावे, "या महिन्यात नवीन काय पाहिलेस?" या प्रश्नाला उत्तर असते. आणि मुलगा सांगू लागला की, वडिलांना ठाऊक असलेले त्यात पुष्कळ निघते: कोणता माल चालला, कोणता पडून राहिला, कोणत्या गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला. निम्मी बस रिकामी होईपर्यंत ते बोलणे चालू राहू शकते.